रमाबाईंचा अभ्यास

मैत्रिणींनो, आमच्या पिंपळनेरला उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार कुणी कुणाच्या दारात जात नाही. पांझरेकडून येणारा वाराही त्या वेळी गरमच लागतो. अशाच एका दुपारी कडी वाजली. दार उघडलं तर माझी एक जुनी विद्यार्थिनी उभी. डोक्यावरून ओढणी घेतलेली आणि हातात झेरॉक्सचा हा एवढा गठ्ठा. आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता म्हणाली, बाई, हे मराठी मला समजत नाही, तुम्ही सांगा.

मुलगी नवापूरकडच्या ख्रिस्ती आदिवासी कुटुंबातली. वडील नोकरीच्या निमित्ताने इकडे आले आणि इथलेच झाले. आठवीत असताना ती माझ्या वर्गात होती. प्रश्न विचारून विचारून जीव नको करायची. धुळ्याला बी. ए. केलं, मग पुण्याला जाऊन बी. डी. नावाची कसलीशी पदवी घेतली, एवढं माझ्या कानावर होतं. आता तिला पुढचं शिक्षण घ्यायचं आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्रात एम. टीएच., म्हणजे आपल्या भाषेत मास्टर्स. ऐकून मीही तेच विचारलं, जे आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी विचारलं होतं. मग तू आता सिस्टर होणार का गं?

ती हसली. म्हणाली, बाई, आम्ही कॅथलिक नाही, आमच्यात सिस्टर नसतात. आणि मला फक्त शिकायचंय.

शेजारच्या आजींनी ओट्यावरूनच विचारलं, इतलं शिकीसन काय करशी ओ माय? याचं उत्तर तिला देता आलं नाही. मलाही देता आलं नसतं. डी. एड. केलं तर शाळा, नर्सिंग केलं तर दवाखाना, हे आपल्याला कळतं. धर्मशास्त्र शिकून बाईमाणसानं करायचं काय?

मग तिने मला सगळं समजावून सांगितलं. शिकायचं पुण्यात, पण पदवी मिळते ती बंगालमधल्या सेरामपूरची. तिथलं कॉलेज १८१८ सालचं. तेव्हा ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून १८२७ साली तिथल्या राजाने सनद दिली आणि पदव्या द्यायचा अधिकार आला. हिला जुना करार हा विषय घ्यायचा आहे आणि त्यासाठी हिब्रू यावी लागते. मी म्हटलं, अगं बाई, नवापूरची पोर आणि हिब्रू! तर तिने गठ्ठ्यावरचं पहिलं पान माझ्यापुढे सरकवलं. म्हणाली, बाई, माझ्या आधी एक जण शिकलीय ना. पंचेचाळिशी उलटल्यावर शिकली.

ते पान पंडिता रमाबाईंनी केलेल्या मराठी बायबलचं होतं.

आता खरं सांगते. एकतीस वर्षं मी मराठी शिकवलं. रमाबाई मला माहीत होत्या त्या पाठ्यपुस्तकातल्या. शारदा सदन, मुक्ती मिशन, विधवांसाठी कार्य, दोन गुणांचा प्रश्न. बायबलचं भाषांतर केलं हे एक वाक्य शेवटी असायचं, ते मी भरभर वाचून पुढे जायची. वर्गात दोन-चार घरचे लोक काय म्हणतील, ही भीतीही त्यात होती. त्या मुलीमुळे मी जून महिनाभर रमाबाई वाचल्या. वाचल्यावर वाटलं की ते शेवटचं वाक्यच तर त्यांचं सगळं आयुष्य होतं.

तर सुरुवात वडिलांपासून करते, कारण ही गोष्ट त्यांच्यापासूनच सुरू होते. अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे पंडित. पहिली बायको वारल्यावर तीर्थयात्रेत गोदावरीकाठी त्यांना नऊ वर्षांची मुलगी सांगून आली. त्यांचं वय चव्वेचाळीस. आज आपल्या अंगावर काटा येतो, पण तेव्हाची रीतच तशी होती. रीतीबाहेरचं त्यांनी केलं ते पुढे. या लहानग्या लक्ष्मीबाईला त्यांनी संस्कृत शिकवायला घेतलं. बाईला देववाणी शिकवतो म्हणून ओरड झाली, उडुपीच्या पंडितांपुढे त्यांना जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्रातलेच दाखले काढून दाखवले की बायकांनी संस्कृत शिकायला बंदी नाही. वेद मात्र त्यांनीही बायकोला शिकवले नाहीत. एवढी एक भिंत त्यांनीही ओलांडली नाही.

मग ते पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमा जन्मली. ती काही महिन्यांची असतानाच घर मोडलं आणि हे कुटुंब यात्रेला निघालं, ते पुन्हा कुठे स्थिरावलंच नाही. देवळात, नदीच्या घाटावर पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर पोट भरायचं. चालता चालता आई मुलीला शिकवायची. भागवताचे अठरा हजार श्लोक या मुलीला तोंडपाठ झाले. आपल्याकडे नामसप्ताहात पारायण ऐकताना आपण थकतो, तिने ते सगळं डोक्यात साठवून पायी देश पालथा घातला. वाटेत कानडी, हिंदी, पुढे बंगालीही शिकली.

१८७० च्या दशकातल्या दुष्काळात हे सगळं संपलं. भीक मागायची सवय नाही आणि पुराण ऐकायला लोकांच्या पोटात अन्न नाही. वडील गेले, मग आई गेली, मोठी बहीण गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण मिळाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. उंची कमी म्हणून तिचा खांदा पुरेना, तेव्हा तिने आपली बाजू डोक्यावर घेतली. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं.

उरलेले दोघं बहीण-भाऊ चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. आपल्या या विद्यार्थिनीला मी म्हटलं, बघ, तुझ्या एम. टीएच.सारखंच की! फक्त प्रवेशअर्ज नाही, फी नाही, आणि परीक्षेला बसण्याआधी सगळं घर मेलेलं.

पण खरी गोष्ट त्यानंतर घडली. कलकत्त्याच्या पुढाऱ्यांनी त्यांना पडद्यातल्या बायकांना धर्मशास्त्र समजावून सांगायला सांगितलं. त्यासाठी रमाबाईंनी स्वतः धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचून काढले. केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत हातात दिली, तीही वाचली. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की ग्रंथांचं आपसात कशावर एकमत नाही, पण बायका आणि शूद्र यांना मोक्षाची वाट नाही यावर मात्र बहुतेकांचं एकमत आहे. वडिलांनी जी भिंत ओलांडली नव्हती तिच्यापाशीच त्या येऊन उभ्या राहिल्या. दुसरी कुणी असती तर हात जोडून मागे फिरली असती. यांनी वाचणं थांबवलं नाही, पण विश्वास उडाला.

पुढची चार वर्षं वाचायला लागलं की दम लागतो. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते कायस्थ, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने शूद्र. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा पटकीने गेला. वय तेवीस. कडेवर दहा महिन्यांची पोर. सासर नाही, माहेर नाही. सिल्चरच्या त्या घरात नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये लूकचं शुभवर्तमान बंगाली भाषेत त्यांना सापडलं होतं, तेवढी एक ठिणगी तेव्हाच पडली होती.

त्या पुण्याला आल्या. रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी स्वागत केलं. १८८२ सालीच आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष देताना मुलींसाठी बाई शिक्षिका आणि बाई डॉक्टर हवेत असं ठणकावून सांगितलं. स्वतः डॉक्टर व्हायचं ठरवलं. स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून विलायतेच्या बोटीचं भाडं उभं केलं. पुस्तक विकून परदेशी शिकायला जाणारी मराठी बाई, तीसुद्धा १८८३ साली!

विलायतेत वाँटेज या गावी ख्रिस्ती जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती, तिने तिथे पोचल्यावर काही महिन्यांतच आत्महत्या केली. परक्या मुलखात, परक्या थंडीत, तान्ह्या पोरीला घेऊन रमाबाई एकट्या उरल्या. त्यातून ऐकू कमी येतंय असं निघालं, म्हणून डॉक्टरकी कायमची हुकली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इकडे पुण्यात काहूर उठलं. लोक म्हणाले, फसली. कुणी म्हणालं, विकली गेली. मीही आयुष्यभर थोडंसं असंच समजत होते, की दुःखाने खचलेली बाई, समोर मायेचा हात आला, धरला. पण पुढची पत्रं वाचल्यावर माझा तो समज पार गेला. रमाबाई आणि मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांची पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने छापली आहेत. माझं इंग्रजी बेताचंच, डिक्शनरी घेऊन बसले. आणि काय सांगू, सासू-सुनेचं भांडण वाचतोय असं वाटलं! फक्त विषय स्वयंपाकघरातला नाही, देवाचा.

सिस्टरचं म्हणणं असं की तू बाप्तिस्मा घेतलास, आता चर्च सांगतं ते मान. रमाबाईंचं म्हणणं असं की मी देवाला मानलं आहे, तुमच्या बिशपला नव्हे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव कसा, हे त्या पुन्हा पुन्हा विचारायच्या. समजल्याशिवाय मानणार नाही म्हणायच्या. मला जे कळलेलं नाही ते माझ्या चिमुरड्या मनोरमेला पाठ करायला लावू नका, अशीही त्यांची हरकत होती. क्रूसावर लॅटिन अक्षरं कोरलेली असत. त्यांनी म्हटलं, लॅटिन मला येत नाही, माझ्या देशातल्या लोकांनाही येत नाही, मग संस्कृत का नको? त्या अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा खायच्या नाहीत. सिस्टरला हा सगळा गर्व वाटला. त्यांनी प्रेमाने सांभाळलं, रागाने झापलं, मग मन दुखावलं म्हणून लिहिलं. खरं तर सिस्टरचीही मला दया आली. घरात आणलेल्या लेकीने रोज उठून वाद घालावा, हे कुणाला सोपं जातं?

चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात रमाबाई १८८४ पासून संस्कृत शिकवत आणि स्वतः शिकत. तिथल्या मुख्य बाई डोरोथिया बील या मोठ्या समजूतदार. त्यांच्याशीही याच विषयांवर पत्रव्यवहार चाले, पण त्या रमाबाईंच्या शंकांना गर्व म्हणायच्या नाहीत, अभ्यास म्हणायच्या. एकदा रमाबाईंना तरुण इंग्रज मुलांना भारतीय भाषा शिकवायची संधी आली. तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली की बाईने पुरुषांना शिकवणं बरं दिसत नाही, हिंदुस्थानात तिच्या कामाला बाध येईल. रमाबाई चिडल्या. चिडणारच! ज्यांच्या वडिलांनी बायकोला शिकवलं म्हणून उडुपीला जाब दिला होता, त्यांना समुद्रापार येऊन दुसऱ्या धर्माच्या पंडितांकडूनही हेच ऐकायला मिळालं.

आमची विद्यार्थिनी हे ऐकताना गप्प झाली. मग हळूच म्हणाली, बाई, मामा म्हणतात, एवढं शिकून तू काय वेदीवर उभी राहून आम्हाला उपदेश करणार?

ही अडचण तिच्या मामांची एकट्यांची नाही. अमेरिकेत ओबर्लिन नावाच्या कॉलेजात अँटोनेट ब्राऊन नावाच्या बाईंनी १८५० साली धर्मशास्त्राचा सगळा अभ्यास पुरा केला होता, पण बाई म्हणून त्यांना पदवी दिली नाही. त्याच कॉलेजने नंतर मानाची पदवी दिली ती १८७८ साली, आणि धर्मशास्त्रातली मानाची डॉक्टरेट १९०८ साली. अठ्ठावन्न वर्षं! ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० साली, केंब्रिजने १९४८ साली. म्हणजे रमाबाई चेल्टनहॅमला बसून त्रैक्यावर वाद घालत होत्या तेव्हा त्यांच्या बुद्धीला साजेशी पदवी द्यायची या विद्यापीठांची तयारीच नव्हती.

अमेरिकेचा भाग तुम्हाला माहीत असेल, म्हणून थोडक्यात सांगते. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तो समारंभ ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाला होता. त्यासाठी रमाबाई गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगावी भाषणं केली, आणि बॉस्टनच्या मंडळींनी संस्था काढून दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं. बालवाडीची नवी पद्धतही शिकून आल्या. परत आल्यावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीवर शारदा सदन उघडलं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, आपल्या बाया कर्वे.

आता एक नाजूक गोष्ट. शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही, असं ठरलं होतं. रमाबाई शिकवत नव्हत्या, पण स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली पुण्यात मोठा गदारोळ झाला, केसरीने झोड उठवली, आणि सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखेही बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं चुकलं की नाही, यावर आजही भांडणं होतात. मला विचाराल तर मला रमाबाई कळतात आणि भांडारकरही कळतात. माझी मुलगी त्या सदनात असती तर मीही कदाचित तिला घेऊन आले असते. आणि मग तिला शिकवायला मला दुसरी कुठली शाळा मिळाली असती, हेही माहीत नाही.

त्यानंतर रमाबाईंना पुण्यातल्या शिष्टांची भिस्त उरली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या. आईबापांना दुष्काळात गमावलेली ही बाई, तिने रस्त्याकडेच्या हाडं उरलेल्या मुली गोळा केल्या आणि पुण्याजवळ केडगावला आणल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास जीव राहत होते. दौंडकडे जाताना रेल्वेतून केडगाव स्टेशन लागतं. मी कितीदा तिथून गेले असेन, खिडकीतून चहा घेतला असेन, पण त्या गावाचं काही वाटलं नव्हतं. शेती, विणकाम, तेलाचे घाणे, दूधदुभतं, आंधळ्या मुलींसाठी शिकवणं, आणि छापखाना.

या छापखान्यापाशी मला थांबायचं आहे.

मराठी बायबल तेव्हा नव्हतं असं नाही. सेरामपूरच्या छापखान्यातूनच विल्यम केरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी नवा करार काढला होता, पुढे अनेकांनी सुधारून काढलं. पण ती भाषा केडगावच्या मुलींना कळेना. कुठे संस्कृतचा भार, कुठे साहेबी वळण. रमाबाईंनी ठरवलं, आपणच मूळ भाषेतून करायचं. वय सेहेचाळीसच्या आसपास, साल १९०४. कान अधू. दोन हजार माणसांचं घर चालवायचं. आणि त्यात हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसायचं! आपण चाळिशीत मोबाईलवरची नवी बटणं शिकायला कंटाळतो.

हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. स्वर लिहायचे ते अक्षरांच्या खाली-वर टिंबांनी. आमची मुलगी मला दाखवत होती, एकेका शब्दाच्या मुळापर्यंत जाऊन मग अर्थ उलगडायचा. मला पाणिनीचे धातू आठवले. मला वाटतं, रमाबाईंनाही तेच आठवलं असणार, आई चालता चालता घोकून घ्यायची ते. लहानपणी संस्कृत कानातून आलं. आता कान गेले होते, तर डोळ्यांनी दुसरी देववाणी शिकल्या.

आणि लिहिलं कसं? ज्या बाईला अठरा हजार श्लोक पाठ, जिला सरस्वती म्हणून गौरवलं, तिने संस्कृत शब्द बाजूला ठेवले. खेड्यातल्या, नुकतंच अक्षर शिकलेल्या बाईला वाचता यावं अशी मराठी घ्यायची, हा त्यांचा हट्ट. कधीकधी मूळ शब्दाला इतकं घट्ट धरलं की वाक्य वाकडं होतं. आमची मुलगी अडली होती ती अशाच ठिकाणी. मराठी सोपं, पण वाक्याची चाल परकी. आम्ही दोघी दुपारभर बसून एकेक ओळ सोडवायचो. ती हिब्रू सांगायची, मी मराठी सांगायची. पुष्कळदा असं व्हायचं की आधी मी म्हणायचे, हे मराठी चुकलंय, आणि तिने मूळ समजावलं की मीच म्हणायचे, नाही गं, बरोबर आहे. काही ठिकाणी मात्र मी अजूनही म्हणते की चुकलंच आहे. भाषांतरात सगळंच जमत नाही.

हे सगळं छापायला केडगावच्याच मुली होत्या. दुष्काळातून आणलेल्या, बाहेर ज्यांना कुणी ओटीवर बसू दिलं नसतं अशा. त्यांनी खिळे जुळवले, मुद्रितं काढली, यंत्र चालवलं, पानं बांधली. अक्षर शिकल्या आणि त्याच अक्षरांनी ग्रंथ छापला. मैत्रिणींनो, आपल्या गावात आजही पत्रिका छापायला गेलं की आत पुरुषच दिसतात.

अठरा वर्षं हे काम चाललं. मध्ये १९०५ साली मुक्तीत भक्तीची मोठी लाट आली, जगभरातून लोक बघायला आले. १९१९ साली सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. या सगळ्यात टेबलावरचे कागद सरकत राहिले. मनोरमा मोठी होऊन, बी. ए. होऊन आईच्या हाताशी आली होती. सगळं तिच्यावर सोपवायचं ठरलं होतं. २४ जुलै १९२१ ला तीच गेली, चाळिशीत. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या. त्यांनी कागद पुन्हा पुढे ओढले.

शेवटची मुद्रितं तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावं अशी त्यांनी प्रार्थना केली आणि ती तपासून झाल्यावरच त्या गेल्या, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर आला १९२४ साली. तो त्यांनी पाहिला नाही.

आमच्या मुलीचं झेरॉक्स त्याच ग्रंथाचं.

आता तुम्ही विचाराल, तिचं काय झालं? तर ऐका. तिला नंदुरबारकडचं एक स्थळ आलेलं होतं. मुलगा नोकरीला, माणसं चांगली. फक्त त्यांचं म्हणणं होतं की शिक्षण आता पुरे. वडील कात्रीत सापडले. लेकीचं मन मोडवत नव्हतं आणि स्थळ सोडवत नव्हतं. मागच्या आठवड्यात त्यांनीच मला बोलावलं. म्हणाले, ताई, तुमचं ती ऐकते, तुम्ही तिला चार गोष्टी सांगा.

मी गेले. पण तिला सांगायच्या चार गोष्टी मी त्यांनाच सांगितल्या. रमाबाईंच्या नाही सांगितल्या, अनंतशास्त्र्यांच्या सांगितल्या. रानातल्या झोपडीत बायकोला शिकवणारे, उडुपीला जाऊन जाब देणारे, म्हातारपणी दुष्काळात उपाशी गेलेले. तिची आई चुलीपुढून ऐकत होती, पण ती काही बोलली नाही. मला वाटत होतं वडील मधेच थांबवतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं की मुलीचं काही त्यांच्या डोळ्यांनी बघायला मिळालं का त्यांना? कलकत्त्याचं, पदवीचं?

मी म्हटलं, नाही भाऊ. त्याआधीच गेले.

ते बराच वेळ खाली बघत बसले. मग मुलीला हाक मारून विचारलं, फीचे पैसे भरायची शेवटची तारीख कधी आहे म्हणालीस? ती म्हणाली, सोमवार. शनिवारी बँक बंद, रविवार तर रविवारच. सोमवारी सकाळी दहाच्या आधी बँकेच्या दारात उभं राहायचं ठरलं. स्थळवाल्यांना काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.